झाकणं उचलणाऱ्या नर्सबाई

आमच्या नर्सबाई कुणाच्याही घरी आल्या की आधी आजाऱ्याकडे जायच्याच नाहीत. सरळ चुलीपाशी जायच्या आणि टोपांवरची झाकणं उचलून बघायच्या. पोलादपूरहून आंबेनळीकडे जाताना लागणाऱ्या आमच्या वाडीत बायकांना सुरुवातीला याचा फार राग यायचा. "ही बाय तपासाया येते का जेवाया?" असं काकी एकदा मुद्दाम मोठ्याने म्हणाली. बाई हसून म्हणाल्या, "कालवण बरं असेल तर दोन्ही." मूळच्या अलिबागकडच्या, त्यामुळे मासळीवर भलताच जीव.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी दहावीला गणितात गटांगळी खाल्ली. ऑक्टोबरला पुन्हा, मार्चला पुन्हा. त्याच सुमारास आई बदलली. मीठ दोनदा घालायची नाहीतर विसरायची, चूल पेटवता पेटवता रडायला लागायची, हातापायांना मुंग्या येतात म्हणायची. हे बाहेरचं आहे असं ठरवून काकीने भगताकडे न्यायचा वारही पक्का केला. मला वाटायचं, माझ्याच नापास होण्याने आईला वेड लागतंय. रात्रंदिवस तेच मनात घोळायचं.

बाई आल्या, झाकणं उचलली. चुलीवर बोंबलाचं कालवण होतं. आईच्या ताटात मात्र भात, लोणचं आणि शेजारी कोरा चहा.

"कालवण का नाही घेतलंत?"

"पोरगी पास होईस्तोवर मासली-अंडी सोडल्येत," आई म्हणाली. "नवस हाय माझा."

"आणि दूध?"

"ते पोरांना."

आई आधीच सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाणारी. त्यात वर्षभर हा नवस. बाई म्हणाल्या, "मन काय पोटापासून वेगळं राहतं का, ताई? भगत कुठे पळून जात नाही. आधी महाडला रक्त तपासू."

तिथल्या डॉक्टरांनी रक्त मुंबईला पाठवलं. मासळी, अंडी, दुधातून मिळणारं बी-ट्वेल्व जीवनसत्त्व फारच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली, पण आई नवस मोडायला तयार होईना. "माझ्या पोरीचं वाटोलं करू?" एवढंच म्हणायची.

"मग नवस मला द्या," बाई म्हणाल्या. "देवाला मासळीवाचूनचं ताट हवंय ना? माझं घेईल. मी दूध पिते, माझं भागेल."

दुसऱ्या दिवशी देवळात नारळ ठेवून गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि नवस बाईंच्या नावावर झाला. त्या दिवशी आईने कालवण खाल्लं. पुढच्या काही महिन्यांत मुंग्या गेल्या, रडणं थांबलं, मीठ जागेवर आलं, आणि मला ओरडायलाही तिला पुन्हा जोर आला.

बाई मात्र रोज संध्याकाळी गणिताच्या पुस्तकासह मला समोर बसवायच्या. "पापलेट स्वप्नात येतंय गो माझ्या. सोडव लवकर!" ऑक्टोबरला मी पुन्हा आपटले. तोंड लपवून बसले, तर म्हणाल्या, "पापलेट थांबेल. तू थांबू नकोस."

मार्चची परीक्षा झाली आणि बाईंची बदली झाली, पार महाडच्या पलीकडे. निकाल लागला त्या दिवशी आई आणि मी सुक्या बोंबलाच्या कालवणाचा डबा घेऊन एसटीने त्यांच्याकडे गेलो. आई घरात शिरली ती थेट शेगडीकडे. झाकणं उचलली. एका टोपात दुधी, दुसऱ्यात वरण.

आई झाकण हातात धरूनच रडायला लागली. "खरंच पाळलंत, बाई?"

बाई माझ्याकडे वळल्या. मला विचारलं, "किती?"

"पस्तीस."

"भरपूर झाले," म्हणाल्या आणि डब्याचं झाकण स्वतःच उघडलं.