कुंपण काढलेला उतार

ओफेलिया रोस्तानला ओम्बुएस गावात सगळे मागून ‘सात’ म्हणतात, तोंडावर इंजिनीअरीणबाई. हेक्टरी वर्षाला सात टनांहून जास्त माती धुऊन नेणारा पीकक्रम ती मंजूर करत नाही, आणि तिच्या सहीचा आराखडा सरकारदरबारी गेल्याशिवाय पेरणीयंत्र रानात घालता येत नाही. वय सत्तावन्न, लग्न एक, तेही संपलेलं, कुत्री दोन आणि शेतं त्रेचाळीस. शेतं दुसऱ्यांची, पण नांदतात तिच्या कॉम्प्युटरात. तिथं ती पाऊस पाडते, गहू पेरते, त्यामागून सोयाबीन घेते, दोन वर्षं कुरण ठेवते आणि ओढ्याला किती माती गेली ते बघते. सहा वर्षांची शेती चार मिनिटांत उरकते. खऱ्या रानात तेवढी वाट बघायची कुणाची तयारी नसते.

मंगळवारी ती सहकारी संस्थेत कुत्र्यांचं औषध आणायला गेली. गल्ल्यावरच्या निल्दाला गावातलं सगळं ठाऊक असतं, आणि ठाऊक आहे हे सांगण्यासाठी ती अर्धा दिवस खर्चते.

“तुझ्या डेल्मोकाकाच्या वरच्या रानात विमान उतरवता येईल आता,” निल्दा म्हणाली. “फवारणीचं यंत्र या टोकाला शिरतं ते थेट ओढ्यापाशी वळतं. इवान खूश आहे.”

“मधलं कुंपण असताना थेट कसं जाईल?”

“कुंपण? कुठल्या जगात राहतेस बाई? हिवाळ्यातच काढलं की!”

ओफेलिया औषध तिथंच विसरली.

डेल्मो जेमोनात हा तिच्या वडिलांचा चुलतभाऊ. ते कुंपण तिनं लहानपणापासून पाहिलेलं. तारेखाली नांगर कधी पोचायचा नाही, म्हणून तिथं तीन-चार मीटर रुंद गवताचा पट्टा वाढलेला. वरून येणारं पाणी त्यात अडखळायचं, माती खाली ठेवून पुढं जायचं. कॉम्प्युटरला उताराची लांबी सांगावी लागते, म्हणजे पाणी न अडता किती धावतं ते. ऑगस्टमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्याच्या शेवटी, तिनं शंभर मीटर लिहिले होते. बाकी बेचाळीस रानं ती पायांनी मोजून आली होती. हे मोजायला गेलीच नाही. ते तिला पाठ होतं.

घरी येऊन तिनं शंभरच्या जागी थेट ओढ्यापर्यंतचे दोनशेवीस टाकले. यंत्र जरा घुटमळलं. सहा पूर्णांक चार टनांचं आठ पूर्णांक आठ झालं.

तिनं पुन्हा चालवलं. आठ पूर्णांक आठ. कॉम्प्युटरला शरम नसते, हा त्याचा एक मोठा दुर्गुण.

आराखड्याखाली तिची सही होती, शपथेवरची. शनिवारी इवान बेरुएता पेरायला येणार होता. तो मेर्सेदेस शहरातला, रान खंडानं घेऊन कसणारा, आणि डेल्मोच्या घरातली चूल त्याच्याच खंडावर पेटायची. रुंद यंत्राला सलग रान हवं, हीच त्याची अट होती. हे सगळं टाळायला एक आकडा पुरेसा होता: चार टक्के चढ आहे, तो साडेतीन लिहिला असता तर कुणी विचारलं नसतं. तिनं तसं लिहून पाहिलं. मग तो आकडा खोडला.

बुधवारी सकाळी ती डेल्मोकडे गेली. तो ओसरीत माते या कडू पानांच्या चहाचं भांडं घेऊन बसला होता. त्यानं न विचारता पाणी ओतून तिच्यापुढे धरलं.

“काका, मधलं कुंपण का काढलंत?”

“इवानला नको होतं. खांब मात्र वाया घालवले नाहीत हं, लोखंडासारखं लाकूड! माझ्या वाढदिवसाला त्यावरच मेंढरू भाजलं. तू दोनदा वाढून घेतलंस. निखारे झकास आहेत म्हणालीस.”

ओफेलिया म्हणाली होती खरी. पुरावा खाऊन वर दाद दिली होती.

तिनं चूक सांगितली, आकडा सांगितला, सही मागं घेणार तेही सांगितलं. डेल्मो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

“आठ टन म्हणजे किती गं? डोळ्यांना दिसेल असं सांग.”

“एका वर्षात... मिलिमीटरसुद्धा नाही.”

डेल्मो इतका हसला की त्याला ठसका लागला. “मिलिमीटर! पोरी, माझ्या बुटाला त्याहून जास्त माती लागते. त्याच्यासाठी इवानला घालवू? उद्या मी खाऊ काय, तुझे आकडे?”

“तुमचे आजोबा इथं वसले तेव्हापासूनचे मिलिमीटर धरा ना.”

“माझ्या आजोबांना तुझं मशीन ठाऊक नव्हतं, आणि ते ब्याण्णव वर्षं जगले.”

ओफेलियानं पडवीतलं फावडं उचललं आणि रानाकडे चालू लागली. डेल्मो शिव्या घालत मागोमाग निघाला, पण मातेचा थर्मास बगलेत घ्यायला विसरला नाही.

कुंपणाची जागा शोधावी लागली नाही. खांब गेले, गवत औषधानं करपलं, तरी तिथं रानभर एक वरंबा पसरला होता. ओफेलियानं त्यावर खणलं. काळी माती सरळ खाली गेली. तिनं हात घातला. वीत आणि वर चार बोटं. मग खालच्या बाजूला दहा पावलांवर, जिथं नांगर शंभर वर्षं चालला होता, तिथं खणायला घेतलं. डेल्मोनं फावडं हिसकून घेतलं.

“दे इकडं. बायकांना खणता येत नाही.”

त्यानं खणलं. पिवळट माती लवकरच लागली. त्यानं वीत लावली. काळी माती वीतभरही भरली नाही, अंगठा वरच राहिला. त्याला पटलं नाही. आणखी वीस पावलं जाऊन त्यानं दुसरा खड्डा काढला. तिथंही तेच. तो तसाच गुडघ्यावर बसून राहिला, हात मातीत.

“हे मी केलं?”

“तुम्ही, तुमचे वडील, आजोबा. आणि ऑगस्टपासून मीही.”

“तुझं मशीन काय म्हणतं? उपाय सांगतं की नुसतं घाबरवतं?”

“इथंच दहा मीटरचा गवताचा पट्टा ठेवला तर सहा पूर्णांक सहा. पण इवानला मधेच यंत्र उचलावं लागेल, वळावं लागेल. तो नको म्हणेल.”

“नको म्हणेल,” डेल्मो म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. “मग?”

इतकी वर्षं ओफेलियानं सहा-सहा वर्षांचा पाऊस आधी बघितला होता, पण शनिवारी काय होईल ते तिला सांगता येईना. तिनं मोबाइल काढला आणि ऑगस्टची सही रद्द करणारा अर्ज तिथंच, चिखलात उभ्या-उभ्या पाठवला. मग इवानला फोन लावला. चार वेळा वाजला.

“इवान, ओफेलिया बोलतेय. शनिवारी पेरू नकोस.”

पलीकडून आधी हसू आलं, मग एक लांबलचक शिवी. माझी यंत्रं भाड्यानं ठरली आहेत, तू शुद्धीवर आहेस का, त्या म्हाताऱ्याला सांग की मला दुसरी रानं मिळतात. फोन कानाला चिकटवूनही शब्द बाहेर सांडत होते. डेल्मोला सगळं ऐकू आलं असणार.

तो उठला. वरंब्याच्या वरच्या कडेला उभा राहून, गवताचा दहा मीटरचा पट्टा आखायला, मीटरभराचं एकेक पाऊल टाकत खाली येऊ लागला आणि मोठ्यानं मोजू लागला, इवानला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

“एक. दोन. तीन...”