धवलने शेव मागितली नाही

पोलंड नकाशात नेमका कुठे आहे, हे देवासच्या त्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि धवल शितोळे तिथे गेल्यावरही कुणी नकाशा उघडला नाही. परदेश म्हणजे परदेश. कुणी त्याला लंडनला पोचवलं, कुणी जर्मनीला, आणि त्याचे वडील, म्हणजे भाऊ, यांनी यातलं काहीही दुरुस्त केलं नाही. ज्याला जो देश आवडेल तो त्याने घ्यावा, असं त्यांचं उदार धोरण होतं.

संस्थानी काळात देवासला राजे दोन, एक बड्या पातीचा आणि एक छोट्या पातीचा; भाऊंचे आजोबा बड्या पातीच्या तबेल्यात खोगिरं शिवायचे. संस्थान गेलं, घोडे गेले, भाऊ औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि फिटर म्हणूनच निवृत्त झाले. तरी बोलण्यात ‘आम्ही बड्या पातीचे’ हे अजून यायचंच, छोट्या पातीची माणसं टेकडीच्या देवीला चोरून दर्शनाला जात असल्यासारखं. धवल शिकायला यथातथा, पण हाताला कसबी. तो एजंटामार्फत पोलंडला गेला आणि तिथल्या कारखान्यात मोटारींच्या सीटा शिवू लागला. पणजोबा घोड्यावरची बैठक शिवायचे, पणतू मोटारीतली. घराण्याने एवढी प्रगती केली होती.

जाताना विमानतळावर त्याने जो तमाशा केला तो गल्लीत अजून सांगतात. बॅगेचं वजन जास्त भरलं, काहीतरी काढा म्हणाले. धवलने कपडे काढले. तीन शर्ट एकावर एक अंगात चढवले, वर कोट घातला, पण लवंगेची शेव बॅगेतून एक मूठभरही कमी केली नाही. माळव्यातला माणूस परदेशी जातो तेव्हा पासपोर्टाच्या खालोखाल शेव सांभाळतो. पुढे सहा वर्षं तो आला नाही, आधी साथीमुळे, मग रजेमुळे, मग सवयीमुळे. पण इंदूर-देवासकडचं कुणी युरोपात निघालंय असं कळलं की त्याचा फोन यायचाच. आई, शेव पाठव.

यंदा तो दिवाळीला आला. सुट्टीवर येतोय, असं त्याने कळवलं होतं आणि ते साफ खोटं होतं. पोलंडमधला कारखाना बंद पडला होता, नोकरीबरोबर व्हिसाही गेला होता, आणि धवल कायमचा परत आला होता. हे फक्त त्याला ठाऊक होतं. घरात पाऊल टाकल्या टाकल्या सांगून मोकळं व्हायचं, असं त्याने विमानात बसून पक्कं ठरवलं होतं.

पण इंदूरच्या विमानतळावर भाऊ भाड्याची गाडी करून अर्धी गल्ली घेऊन आले होते. झेंडूचा भलामोठा हार गळ्यात पडल्यावर ‘माझी नोकरी गेली’ हे वाक्य माणसाने कुठल्या तोंडाने उच्चारायचं? घरी पोचल्यावर तर ते आणखीच अवघड झालं. त्याच्यासाठी म्हणून घरात कमोड बसवला होता. घरचं कुणी तो अजून वापरत नव्हतं आणि भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला दार उघडून दाखवत होते. पाहुणे आत डोकावून माना डोलवत होते. ज्या मुलासाठी घरात एवढं बांधकाम निघालं, तो कायमचा बेकार होऊन आलाय हे त्या कमोडला तरी कसं सहन झालं असतं.

त्याला प्यायला बाटलीतलं पाणी, चहाला बशीसकट कप, झोपायला नवी कोरी चादर. ताट उचलायला गेला की आई, दुर्गाबाई, हातातून काढून घ्यायची. वसुबारसेला सांगू म्हणता म्हणता पाडवा उलटला. भाऊबीज झाल्यावर भाऊंनी त्याला धारला नेलं, मग कुक्षीला मावशीकडे नेलं, आणि दोन्हीकडे नव्या ट्रॅक्टरसारखा लोकांना दाखवला. कुक्षीत मावशीने शेजारपाजार गोळा केला आणि म्हणाली, तिकडची भाषा बोलून दाखव. धवलला घाईत काही सुचेना. त्याने कारखान्याच्या भिंतीवरची सूचना धडाधड म्हणून दाखवली: यंत्र चालू असताना हात आत घालू नये. मावशीचे डोळे पाणावले. किती गोड भाषा आहे, म्हणाली.

त्या दिवशी परतताना गाडीत सांगायचं त्याने ठरवलं. पण वाटेत भाऊंना कुणाचा तरी फोन आला आणि ते खुशीत मागे वळून म्हणाले की मराठी समाजाचं दिवाळी मिलन अलीकडे घेतलंय, आणि त्यात धवलचा सत्कार आहे. हे मिलन दरवर्षी तुळशीच्या लग्नानंतर व्हायचं. समाजाचे अध्यक्ष भगवंतकाका. शाल गुंडाळल्याशिवाय त्यांना माणसाची ओळख पटत नसे. तारीख बदलायला ते एकदम कसे तयार झाले, हा प्रश्न धवलच्या डोक्यातही आला नाही. 

सत्कार झाला. भगवंतकाका मोठ्या आवाजात बोलले, त्यांच्या भाषणात धवल सीट शिवत नव्हता, मोटारीच बनवत होता. शाल झाली, श्रीफळ झालं आणि मग त्यांनी माइक पुढे करून तरुणांना मार्गदर्शन करायला सांगितलं. समोर तरुण म्हणून जे बसले होते त्यातले निम्मे मोबाइलमध्ये होते आणि उरलेल्यांना मराठी जेमतेम कळत होतं. धवल म्हणाला, मेहनत करा. मग थोडा थांबून म्हणाला, आणि घरी येत जा. एवढंच बोलून तो खाली बसला. पहिल्या रांगेतून भाऊ टाळ्या वाजवत राहिले, बाकीचे थांबले तरी. धवलला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी चांगलीच पडली होती. आईने पोहे पुढे ठेवले, वर शेव पसरली. भाऊ पेपर वाचत होते. धवलने दोन घास खाल्ले, ताटली खाली ठेवली आणि ताटलीकडेच बघत म्हणाला, “आई, मी परत जाणार नाहीये. नोकरी सुटली माझी. सुट्टी-बिट्टी काही नाही.”

दुर्गाबाईंनी शेवेचा डबा पुन्हा उघडला आणि त्याच्या पोह्यांवर आणखी थोडी घातली. “ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “तू शेव कुठं मागितली?”

“शेव?” धवलने विचारलं.

“आल्यापासून शेवेचं नाव नाही. किती न्यायची, कुणाकडून पॅक करवायची, काहीच नाही. आणि खाऊन कसा राहिला आहे, तर आरामात. जाणारा माणूस असा खातो काय? जाणारा हावरटासारखा खातो. भाऊबीजेलाच मी यांना सांगितलं, हा काही जात नाही आता.”

म्हणजे भाऊंनाही ठाऊक होतं. कुक्षीला नेतानाही ठाऊक होतं, पहिल्या रांगेत टाळ्या वाजवतानाही ठाऊक होतं. धवलने त्यांच्याकडे पाहिलं. भाऊंनी पेपर जरा वर धरला.

“मग कालचा सत्कार?” त्याने विचारलं.

“तो मीच भगवंताच्या मागं लागून लवकर करवून घेतला,” भाऊ पेपराआडून म्हणाले. “बातमी फुटली असती त तो शाल देणार होता काय? आणि तू काय समजून राहिला, तो तुझा सत्कार होता? सहा वर्षं मी तुझ्या नावावर पहिल्या रांगेत बसलो. म्हटलं, एकदा आणखी बसून घेऊ.” त्यांनी पेपर खाली ठेवला. त्यांचे डोळे लाल झाले होते. “आता मागं बसू. मागूनही स्टेज दिसतो, भिया.”

भाऊंनी आजवर त्याला भिया म्हटलं नव्हतं. तो शब्द, म्हणजे इंदूर-देवासकडचा ‘भैया’, त्यांचा पानाच्या टपरीवरच्या दोस्तांसाठी असायचा. धवलला खरं तर राग यायला हवा होता, इतके दिवस दोघांनी मिळून त्याला खेळवलं होतं. पण त्याला रडू फुटलं, आणि ते पोह्यांवर पडू नये म्हणून त्याने मान वळवली. आईने त्याला रडू दिलं, पोहे संपवू दिले. मग त्याची रिकामी ताटली त्याच्याच हातात दिली आणि मोरीकडे बोट दाखवलं. ताटली विसळून येतो तोवर दारात दळणाचा डबा तयार होता. गहू आहेत, बारीक दळायला सांग, आणि समोर उभा राहून दळून घे, तो गिरणीवाला दुसऱ्याचं पीठ मिसळतो, असं तिने बजावलं. भाऊ म्हणाले, गार आहे, काही पांघरून जा. जवळ कालची शालच होती, ती त्याने अंगावर घेतली.

गिरणीवर सकाळची गर्दी होती. रांगेच्या शेवटी भगवंतकाका स्वतःचा डबा घेऊन उभे होते, डोक्याला मफलर आणि पायात सपाता. सत्कारमूर्ती शालीसकट दळण घेऊन आलेली बघून त्यांचा चेहरा फुलला. चारचौघांना ऐकू जाईल अशा बेताने त्यांनी विचारलं, “काय मग, पोलंडला वापस कधी जाणार?”

रांगेतली माणसं वळून बघू लागली. धवलने डबा खाली ठेवला.

“जाणार नाही, काका. नोकरी गेली. आता इथंच.”

भगवंतकाका काही क्षण शालीकडे बघत राहिले, बहुधा ती मागून घ्यावी की काय याचा विचार करत असावेत. मग त्यांनी पायाने स्वतःचा डबा थोडा पुढे सरकवला आणि मागे जागा केली.

“मग उभा काय राहिला?” ते म्हणाले. “नंबर लाव माझ्या मागं.”