लेकीच्या घरचं पाणी

निरोप घेऊन आलेला माणूस उंबऱ्याबाहेरच थांबला. भर दुपारची वेळ. एस.टी.तून उतरून तो उन्हात मैलभर चालत आला होता, तरी आत येईना. सरू, म्हणजे माझी बायको, पाणी आणायला वळली, तर म्हणाला, "पानी नगं, आक्का." मरणाचा निरोप आणणारा माणूस त्या घरचं पाणी घेत नाही. दाराच्या चौकटीला धरून ती हळूच खाली बसली. माझे सासरे गेले होते. नव्वदीच्या आसपासचे होते, म्हातारपणानंच गेले, हळहळण्यासारखं काही नाही, असं पुढे भेटायला आलेले सगळे म्हणाले. मला मात्र तसं म्हणता आलं नाही. काही दिवस गेले, आता लिहू शकतो, म्हणून लिहितो आहे.

मी त्यांना मामा म्हणत असे. त्यांची-माझी पहिली भेट झाली ती माझ्या लग्नात, स्वातंत्र्याच्या तीन-चार वर्षं आधीच्या वैशाखात. आमचं गाव शेवगावच्या अंगाला, त्यांचं पाथर्डीकडच्या डोंगराखाली. तो उन्हाळा ज्यांनी पाहिला असेल त्यांना सांगायला नको. ओढे तर माघातच आटले होते. रस्त्यावरच्या फुफाट्यात पाय टाकला तर चपलेतूनही चटका बसायचा, आणि गाडीच्या चाकाची लोखंडी धाव दुपारी हाताला सोसत नव्हती. पहाटे निघालेलं आमचं वऱ्हाड उन्हं चढायच्या आत पोहोचायचं होतं, पण एक बैल वाटेत बसला आणि त्यांच्या शिवेवर आम्ही आलो ते ऐन माथ्यावरच्या उन्हात.

शिवेवर वऱ्हाड थांबतं, मुलीकडचे वाजतगाजत सामोरे येतात, मान देतात आणि मग गावात नेतात, अशी रीत. पण वैशाखातला तो एकच चांगला मुहूर्त, त्या टापूत त्या दिवशी लग्नंच लग्नं, आणि वाजंत्री दुसऱ्या गावात अडकलेले. आमचे थोरले चुलते, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, घरातले कर्ते. त्यांनी सांगून टाकलं, वाजंत्री आल्याशिवाय आपल्यातलं एक माणूस खाली उतरणार नाही, की यांच्या गावचं पाणी पिणार नाही. जवळ झाड म्हणाल तर एक हिवर, त्याची सावली त्याच्याच बुंध्याला पुरेना. आमच्याबरोबरच्या घागरी वाटेतच रिकाम्या झाल्या होत्या. मागच्या गाडीत माझी धाकटी बहीण गंगू चार महिन्यांचं पोर घेऊन बसली होती. ते पोर आधी रडत होतं, मग कण्हायला लागलं, मग तेही थांबलं... मी मुंडावळ्या बांधून पुढच्या गाडीत बसलो होतो. ते थांबल्याचं मला ऐकू आलं. नवरदेवानं बोलायचं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं.

तेवढ्यात समोरून एक बैलगाडी आली. वाजंत्री नाहीत, माणसं नाहीत. गाडीत पाण्याच्या घागरी आणि ती हाकीत आणणारा एक उंच, काळासावळा माणूस. डोक्याला नवा कोरा फेटा. ते मामा. त्यांनी हात जोडले. दादा म्हणाले, "वाजाप कुठाय?"

"येतंय, पाव्हणं. तवर घोट घोट पानी घ्या."

"मानाबिगर आमी पानी घेत न्हाई."

"नका घेऊ," मामा शांतपणे म्हणाले. "पर बैलांस्नी तरी पिऊ द्या. त्येंचा कुठं मान अडलाय."

गाड्यांमधून हसण्याची एक लाट गेली. मामांनी बादलीत पाणी ओतलं, बैलांपुढं धरलं. बैल मचामच पिऊ लागले आणि बघणाऱ्या माणसांचे गळे हलू लागले. दुसऱ्या बैलाकडे जाताना मामांची नजर मागच्या गाडीत गेली. गंगूच्या मांडीवरचं पोर त्यांना दिसलं. मग त्यांनी जे केलं ते मी अजून डोळ्यांपुढून हलवू शकलेलो नाही. डोक्यावरचा फेटा त्यांनी सोडला, सगळाच्या सगळा घागरीत बुडवला, पोराला त्याच्या एका टोकात गुंडाळलं आणि उरलेला गाडीवरच्या बारदानावर पसरला. गंगूला म्हणाले, "पोरी, तू पी आदी. तुला पाझर फुटला तर त्याला मिळंल." ती प्याली. मग कोणी कोणाकडे बघितलं नाही. सगळे उतरले, सगळे प्याले. वाजंत्री आल्यावर एकटे दादा प्याले.

पोर जगलं. आज ते संगमनेरला नोकरी करतं, त्यालाही मुलं आहेत. लग्नही लागलं. पण मामांनी लेक दिली ती बोडक्या डोक्यानं. फेटा काही वेळेत वाळला नाही, आणि दुसरा घरात नव्हता. आमच्याकडे माणूस बोडका होतो तो घरात कोणी मेल्यावर. दादांनी ते धरून ठेवलं. मांडवातच, मामांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या घरात रीतभात न्हाई." पुढे आमच्या घरात भाकरी करपली तरी सरूला ऐकावं लागे, "बोडक्या बापाची लेक, हिला काय ठावं." ती खाली मान घालून चुलीपुढे बसायची. मी जेवत असायचो. जेवण पुरं करून उठायचो.

आपल्या लेकीला कोणी पुन्हा नाव ठेवू नये म्हणून की काय, त्यानंतर मामांनी एकही रीत मोडली नाही. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही, ही एक जुनी रीत. पुष्कळ जण ती सोयीसोयीनं पाळतात. मामांनी ती कडक पाळली. दर उन्हाळ्यात ते कैऱ्यांची पाटी डोक्यावर घेऊन लेकीला भेटायला यायचे. आमच्या शिवेबाहेर एक झिरा होता, तिथे पिऊन निघायचे, आणि परत तिथे पोहोचेपर्यंत घोट नाही. झिरा आटलेला असला तर तोही नाही. ओसरीवर बसायचे, ओठांना चिरा पडलेल्या, आणि डोंगराकडच्या हरणांच्या, चुकलेल्या करडांच्या गमती सांगून सरूला हसवायचे. ते ओसरीवर असेपर्यंत सरूही पाणी प्यायची नाही.

आम्हाला मूल झालं नाही.

एकदा, लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील, ते आले तेव्हा त्यांना बोलताना दम लागत होता. मला राहवलं नाही. तांब्या भरून आणला आणि त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो हळूच बाजूला सरकवला. म्हणाले, "असू द्या जावाईबापू. नुसतं बघून बी गार वाटतं." आतून दादांचा आवाज आला, "बरं झालं. आता तरी रीत कळली म्हनायची." मामा माझ्याकडे बघत होते. मी दादांना उत्तर देईन अशी त्यांची अपेक्षा होती असं मला वाटत नाही. पण सरू दारात उभी होती, आणि तिची होती. मी तांब्या उचलला आणि आत नेऊन ठेवला...

दादा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. घरात टोकणारं कोणी उरलं नाही, तरी मामांचं चालूच. मीही कधी पाणी घ्या म्हटलं नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार?

यंदाच्या चैत्रात ते एस.टी.नं आले. काठी टेकत ओसरीपर्यंत पोहोचले आणि बराच वेळ डोळे मिटून बसले. सरू वारा घालत होती. मी समोर बसलो आणि एकदाचं बोललो. "मामा, त्या दिवशी मी तांब्या आत न्यायला नको होता."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, ऐकू आलं नसावं. मग म्हणाले, "मग आना की परत."

सरूचा हात थांबला. मी आत गेलो. माठातून पाणी काढताना अर्धं बाहेरच सांडलं. मामांनी तांब्या दोन्ही हातांनी उचलला आणि वरून प्याले. थोडं तोंडात गेलं, बाकी हनुवटीवरून बंडीत. त्यांनी पुसलं नाही. तांब्या खाली ठेवून म्हणाले, "गोड हाय की. कुठलं?"

"आपल्याच विहिरीचं, आबा," सरू म्हणाली.

"आं? मला वाटायचं मचूळ आसंल. म्हून तर एवढी वरसं काडली." आणि हसले. सरू हसता हसता रडत होती. मी तर नुसताच रडत होतो.

तेरावा करून आम्ही घरी आलो. ओसरीच्या मधल्या खांबावर, ते ज्याला टेकून बसत तिथं, पाठीनं घासून लाकूड थोडं काळसर झालंय. इतकी वर्षं ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. दुपारी कामं आवरली की सरू आता त्या खांबाला पाठ लावून बसते. बाहेर ऊन पांढरं झालेलं असतं. ती आतल्या बाजूला न बघता म्हणते, "पाणी आणता का?" सगळ्या संसारात तिनं माझ्याकडे कधी पाणी मागितलं नव्हतं. मी उठतो, आणि आणून देतो.