अप्पांचा डावा तळहात

मी देव शिकले तो तळहातावर. आमच्या घरी, उदगीरला, प्रत्येकाच्या गळ्यात कापडात बांधलेलं इष्टलिंग, म्हणजे छोटं शिवलिंग, असतं. अंघोळ झाली की ते कापडातून सोडायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं आणि उजव्या हाताने पाणी, भस्म, बेल वाहायचा. जिवात जीव असेपर्यंत ते अंगावेगळं करायचं नाही आणि पूजेआधी तोंडात काही घालायचं नाही.

हे मला अप्पांनी, माझ्या वडिलांनी शिकवलं. लहानपणी माझा हात हलायचा, पाणी फ्रॉकवर सांडायचं. "हात हाय का झोपाळा? बसावं कुठं त्यानं?" असं म्हणत ते माझ्या हाताखाली आपला हात धरायचे.

पुढे मी नांदेडला कॉलेजला आले. घरातली पहिलीच. अप्पांची शाळा लवकर सुटलेली, अभ्यासाचं काय विचारावं हे त्यांना कळत नसावं. रोज सकाळी फोनवर एकच प्रश्न, "पूजा झाली का गं?" आणि मी हो म्हटलं की, "मग खा आता."

दिवाळीच्या आधी त्यांना लकवा मारला. डावी बाजू गेली. लातूरच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ते बोलत होते, पाय ओढत चालतही होते. डाव्या हाताची मूठ मात्र वळली ती वळलीच.

मी सुट्टीत घरी पोचले, तर अव्वा, माझी आई, दारातच रडवेली उभी. दुपार झाली तरी अप्पांनी गोळ्या घेतल्या नव्हत्या. गोळ्या जेवल्यावर घ्यायच्या, आणि पूजा नाही म्हणून जेवण नाही.

"उजव्या हातावर ठेवा की अप्पा," मी म्हटलं.

"मग वाहू कशानं? पायानं?"

"मठातल्या स्वामींनी सांगितलंय, पाटावर ठेवून केली तरी चालते," अव्वा म्हणाली.

"पाटावर बसला की देवळातला झाला. माझा कुठं राहिला?"

शेवटी मी त्यांच्यासमोर बसले. त्यांचा डावा हात माझ्या हातावर घेतला, एकेक बोट उघडलं आणि अंगठ्यांनी दाबून धरलं. अव्वाने लिंग ठेवलं. अप्पांनी उजव्या हाताने पाणी घातलं, बेल वाहिला. मग दोन भाकरी खाल्ल्या. अव्वा चुलीकडे तोंड करून डोळे पुसत होती. मला वाटलं, निभेल.

काही दिवस निभलंही. धाकटी बहीण शेजारी बसून पूजा शिकत होती. तिचा हात हलला की अप्पा डोळे वटारायचे. "झोपाळा," ती स्वतःच म्हणायची आणि हसायची.

मग एका सकाळी मी धरलेली बोटं एकदम आवळली. लिंग माझ्या हातून निसटलं आणि फरशीवर पडलं. आवाज फार मोठा नव्हता. धाकटीने तोंडावर हात ठेवला. अप्पांनी वाकून ते स्वतः उचललं, कपाळाला लावलं आणि अव्वाला म्हणाले, "बांध गळ्यात."

"उद्या अजून नीट धरते, अप्पा."

ते बराच वेळ त्या मुठीकडे बघत राहिले. आमच्यात माणसाला पुरताना बसवतात आणि त्याचं लिंग त्याच्याच डाव्या तळहातावर ठेवतात.

"मेल्यावर तरी उघडंल का गं हा?" त्यांनी विचारलं.

अव्वा त्यांच्यावर ओरडली. मी तेलाची वाटी आणली आणि बोटं चोळत बसले.

परीक्षा होती म्हणून नांदेडला परत यावं लागलं. आता सकाळी फोन मीच करते. परवा अव्वाने उचलला.

"अप्पा जेवले का?"

"हाव, जेवले. गोळ्याबी घेतल्या. आता काही कटकट न्हाई त्यांची. उठले की च्या मागतात."

"पूजा?"

"न्हाई करत आता. जेवा म्हणलं की जेवतात."

"आणि धाकटी?"

"अप्पा बसंना गेले, मी कशाला बसू म्हणती."

"अप्पा काही बोलले नाहीत तिला?"

"न्हाई."

फोन ठेवून मी खोलीत पूजेला बसले. हात हलला. पाणी मनगटावरून चादरीवर सांडलं. नंतर मेसमध्ये जाऊन पोहे घेतले, पण ते तसेच ताटात राहिले.