हवेवर जगणारी झाडं

गल्लीत त्याला सगळे गॅसवाला म्हणत, पण तो सिलिंडर पोचवत नसे. झाडांना गॅस पाजत असे. संशोधन केंद्राच्या जंगलात झाडांच्या काही गोलांभोवती उंच पाइप उभे होते. त्यांतून दिवसभर जादा कार्बन डायऑक्साइड सोडायचा, म्हणजे पन्नास वर्षांनंतरची हवा झाडांना आजच मिळते. व्हॉल्व्ह गळू द्यायचे नाहीत, हे त्याचं काम. गळलेच, तर शिव्या मात्र आजच्या आज मिळत.

पहिली काही वर्षं झाडं भराभर वाढली. मेहुणा खूश. "भाऊजी, मग चिंता कसली? धूर आपण सोडायचा, गिळायचा झाडांनी!"

मग वाढ मंदावली. हवेत चंगळ, मातीत मात्र अन्नाचा खडखडाट. गॅसवाल्याने हे मेहुण्याला शंभरदा समजावलं. मेहुण्याला पहिलाच भाग आवडला होता.

समजलं ते एकट्या सासऱ्यांना, आणि तिथेच घात झाला. जन्मभर रोपवाटिका चालवलेला माणूस. आता लेकीकडे राहायचे आणि दुपारी जावयाचा डबा जंगलात पोचवायचे. एके दिवशी एका गोलातली माती काळीभोर दिसली. वास ओळखीचा होता.

"बाबा, हे काय केलंत?"

"शेणखत घातलं. उपाशी आहेत म्हणून घरी तुम्हीच रडता ना, जावईबापू?"

"अहो, उपाशीपोटी किती गॅस पचतो, तेच तर बघायचं होतं!"

"पाहुण्याला बसवून ताटात नुसती हवा वाढायची, वर अंगाला लागतेय का ते मोजायचं! माणसं आहात का कोण?"

गप्प बसावं, तर पुढच्या मोजणीत हा गोल तरारलेला दिसणार आणि मेहुण्याची थाप अहवालात छापून येणार. सांगावं, तर वर्षानुवर्षं जपलेला गोल बाद, कदाचित नोकरीही. चरफडत तो केंद्राच्या मॅडमकडे गेला.

"किती घातलं?" मॅडमनी विचारलं.

"मनापासून."

गोल बाद झाला, त्याचा गॅसही बंद केला. नोकरी राहिली, कारण व्हॉल्व्ह सांभाळणारा दुसरा कुणी मिळेना. सासऱ्यांना कुंपणाआत बंदी झाली.

पुढच्या हंगामात बाद गोल असा फुलला की बघत राहावं. "लागलं अंगाला," सासरे कुंपणाबाहेरून म्हणाले. मेहुण्याने फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला: 'बघा, भाऊजींच्या गॅसची कमाल!'

गॅसवाल्याने उत्तर लिहायला घेतलं, अर्ध्यावर खोडलं आणि फोन पालथा ठेवला.