भोंग्याने खाल्लेला रोल

सेक्युरिटीवाल्यांनी दोरी बांधून आम्हा सगळ्यांना मागे काढलं. आता आत माझा कॅमेरा एकटा, फ्लेअरच्या पायथ्याशी. फ्लेअर म्हणजे रिफायनरीतला जादा गॅस जाळायची उंच चिमणी. ही नवी होती, पहिल्यांदाच पेटणार होती.

कल्पना आमच्या पब्लिसिटी मॅनेजरची. इजिप्शियन गृहस्थ. अंतराळवीरांना घेऊन उडणाऱ्या रॉकेटचा अगदी जवळून घेतलेला फोटो त्यांनी मासिकात पाहिला होता.

ते म्हणाले, "इथे माणूस उभा राहिला तर भाजून निघेल. मग काढला कुणी?"

"कॅमेऱ्यानेच, सर. आवाजाचा सेन्सर असतो. गडगडाट झाला की शटर आपोआप चालतं."

"मग आपणही काढू!"

हवल्ली या आखाती वस्तीतल्या माझ्या खोलीत मी पातेलं बडवून सेन्सर तपासला. शेजारचा मल्याळी ड्रायव्हर भिंतीपलीकडून ओरडला, "पागल हो गया क्या, भाई?" त्या आठवड्यात ऑफिसबाहेर माझ्याशी बोललेला तो एकटाच.

आदल्या दिवशी कॅमेरा लावून परतलो, तर तार आलेली. वडील अत्यवस्थ, ताबडतोब नीघ.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "कॅमेरा ऑटोमॅटिक आहे ना? मग तू कशाला? कंपनीकडे जमा असलेला तुझा पासपोर्ट आत्ता काढून देतो."

"उद्याचं झालं की जातो, सर."

"हबीबी, बाप आहे तो तुझा!"

मी थांबलो. फोटो माझा होता. फ्लेअर पेटताना मला तिथे असायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं.

पेटवण्याआधी माणसं हटवायला भोंगा वाजला. चांगला लांबलचक. सेन्सरला भोंगा काय नि गडगडाट काय, सारखंच. आत मोटर फिल्म ओढत असणार आणि मी दोरीच्या अलीकडे. मग ज्वाळा उसळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रोल धुतला. छत्तीस फोटो, सगळ्यांत न पेटलेली चिमणी.

साहेब रागावले नाहीत. पासपोर्ट पुढे केला. "आता तरी जा."

घरी पोचलो तेव्हा अस्थी गोळा करून झाल्या होत्या. दादाने विचारलं, "एवढा उशीर?"

"साहेबाने रजाच दिली नाही."

दादा अजून दर श्राद्धाला त्या मिसरी, म्हणजे इजिप्शियन, साहेबाचा उद्धार करतो. "अण्णा शेवटपर्यंत दाराकडे बघत होते रे." मी खाली मान घालून जेवतो.

दादा, रजा त्यांनी आपणहून देऊ केली होती. मीच घेतली नाही. भला माणूस होता तो.

रिमोट कॅमेरा एकदा लावला, की फोटोग्राफरचं तिथे काही काम नसतं.