क्रेनसाठी तीन तासांची वाऱ्याची उसंत

"गुरुवारी उचलायचं की नाही, तेवढं सांगा," फोग्ट फोनवर म्हणाले. "शनिवारी क्रेन दुसऱ्या बेटावर जाणार. मग ती परत कधी मिळेल, कोणालाच माहीत नाही."

सोमवार होता. माझ्यासमोर कॅरिबियनमधल्या एका छोट्या बेटाचा आठवड्याचा अंदाज उघडा होता, आणि त्यात रोज एकच ओळ होती. पूर्वेकडून जोरदार वारे, अधूनमधून सरी.

मी मूळची नाशिकची. पुण्यात फिजिक्स, मग जर्मनीत पीएचडी, आणि गेली काही वर्षं डार्मश्टाटच्या एका खासगी हवामान कंपनीत फोरकास्टर. आमचे क्लायंट म्हणजे जहाजवाले, बांधकामवाले आणि फोग्टसारखे इंजिनिअर. फोग्टची कार्ल्सरूहेची कंपनी कंटेनरमध्ये बसवलेलं डायलिसिस सेंटर बनवते. म्हणजे मशीन, पाणी शुद्ध करायची यंत्रणा, बेड, सगळं आत तयार. नेऊन ठेवायचं आणि वीज-पाणी जोडायचं.

हा कंटेनर बेटावर पोचला होता. आता तो क्रेनने उचलून, दवाखान्याच्या छतावरून पलीकडे नेऊन, मागच्या सिमेंटच्या ओट्यावर ठेवायचा होता. कंटेनरची बाजू सपाट. वारा भरला की ती शिडासारखी वागते आणि अख्खा कंटेनर हवेत फिरायला लागतो. म्हणून क्रेनला मर्यादा होती. वारा ताशी पस्तीस किलोमीटरच्या वर गेला तर काम बंद. आमच्या अंदाजात झोत पन्नासच्या आसपास होते.

शाळेत भूगोलात व्यापारी वारे शिकल्याचं आठवत असेल. इंग्रजीत ट्रेड विंड्स. उत्तरेला समुद्रावर उच्च दाबाचा पट्टा असतो, तिथून हवा विषुववृत्ताकडे निघते आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे पूर्वेकडून वाहते. पट्टा जितका भक्कम, तितका वारा जोरात. त्या आठवड्यात तो चांगलाच भक्कम होता. पर्यटकांना हे वारे आवडतात, कारण उकडत नाही. क्रेनवाल्यांना आवडत नाहीत.

मी आमच्या बॉस फ्राउ लिंडनर यांच्याकडे गेले. त्यांनी स्क्रीनकडे एकदा पाहिलं.

"आल्झो, म्हणजे उत्तर 'नाही' असंच आहे. मग अडचण काय?"

"मॉडेलला हे बेट दिसतच नाहीये."

हे जरा समजावते. आम्ही वापरत होतो ते कॉम्प्युटर मॉडेल पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकतं आणि एका चौकोनाला एकच वारा देतं. हे बेट चौकोनापेक्षा लहान. त्यामुळे मॉडेलच्या लेखी तिथे नुसता समुद्र होता. प्रत्यक्षात बेटाच्या मधोमध डोंगर होता आणि दवाखाना त्याच्या पश्चिमेला, म्हणजे आडोशाला.

"आडोशाला भोवरेही असतात," फ्राउ लिंडनर म्हणाल्या. "तुम्हाला तिथलं काय माहीत आहे?"

"काहीच नाही. पण विचारता येईल."

फोग्टनी मला दवाखान्यातल्या नर्सचा नंबर दिला. तिचं नाव जोसेफीन. दवाखान्याच्या छतावर फोग्टच्या माणसांनी वारा मोजायचं यंत्र बसवलं होतं, पण त्याचे आकडे आमच्यापर्यंत येत नव्हते. ते खाली खोलीतल्या डब्याच्या स्क्रीनवर दिसायचे. मी तिला म्हटलं, दोन दिवस पहाटेपासून दुपारपर्यंत दर अर्ध्या तासाने आकडा वाचून मला पाठवाल का?

"पाठवीन," ती म्हणाली. "पण आमचे पेशंट आठवड्यातून तीनदा बोटीने शेजारच्या बेटावर जातात, माहीत आहे ना? या वाऱ्यात जायला दोन तास. डायलिसिस झाल्यावर थकलेला माणूस त्याच लाटांवरून परत येतो. अर्नेस्ट सत्तरी ओलांडलेले आहेत. परवा म्हणाले, मशीनचं काही नाही, मला बोटीची भीती वाटते. तेव्हा मॅडम, जरा नीट बघा."

मी नीट बघायला लागले.

मंगळवारचे आकडे आले आणि मी खुर्चीत सरळ बसले. मॉडेल पन्नास म्हणत होतं. दवाखान्याच्या छतावर सकाळी सहाला अठरा. सातला सतरा. आठला वीस. साडेनऊनंतर मात्र एकदम चाळीस.

याचं कारण साधं आहे. रात्री जमीन थंड होते, जवळची हवा जड होऊन खाली बसून राहते आणि वरचा जोराचा वारा तिच्यावरून निघून जातो. ऊन तापलं की हवा घुसळते आणि वरचा वारा खाली उतरतो. उघड्या समुद्रावर हे होत नाही, डोंगराच्या आडोशाला होतं.

बुधवारीही तसंच. फक्त साडेसातला मध्येच बेचाळीस. मी लगेच फोन केला.

"पाऊस आला होता," जोसेफीन म्हणाली. "पाच मिनिटं. मी धुतलेले कपडे आत घेतले."

म्हणजे धोका वाऱ्यापेक्षा सरींचा होता. सर कोसळते तेव्हा वरचा वारा सोबत खाली आणते. पण सरींचे ढग पूर्वेकडून रांगेने येतात आणि उपग्रहाच्या चित्रात आधी दिसतात. शिवाय उत्तरेकडून एक कमी दाबाचं क्षेत्र सरकत होतं, त्यामुळे गुरुवारी उच्च दाबाचा पट्टा थोडा ढिला पडणार होता. क्रेनचं टोक छतापेक्षा उंच, तिथे वारा जास्त, म्हणून मी सगळे आकडे वाढवून धरले. तरीही जमत होतं.

मी फ्राउ लिंडनरना सांगितलं, "गुरुवारी सकाळी सहा ते नऊ. मी पूर्ण वेळ उपग्रहाच्या चित्रांसमोर बसेन आणि फोन चालू ठेवेन."

"दोन सकाळी म्हणजे पुरावा नव्हे."

"माहीत आहे."

"त्या कंटेनरखाली तुम्ही स्वतः उभ्या राहाल?"

मी विचार केला. "नवापर्यंत, हो. नंतर नाही."

"हेच वाक्य अंदाजात लिहा," त्या म्हणाल्या. "जरा सभ्य शब्दांत."

बेटावर सकाळचे सहा म्हणजे आमच्याकडे अकरा. गुरुवारी अकराला मी हेडफोन लावून बसले. एका लाइनवर कार्ल्सरूहेहून फोग्ट, दुसऱ्या टोकाला जोसेफीन आणि तिच्या शेजारी क्रेनचा ऑपरेटर. सहाला सोळा. कंटेनरला पट्टे बांधायला, तपासायला तास गेला. सव्वासातला ऑपरेटर म्हणाला, "उचलू?"

चित्रात पूर्वेला ढगांची एक बारीक रांग होती. "थांबा," मी म्हटलं. "वीस मिनिटं."

"इथे आकाश स्वच्छ आहे, मॅडम."

"डोंगरामागे नाही."

दहा मिनिटं काहीच झालं नाही. अकराव्या मिनिटाला जोसेफीन म्हणाली, "पाऊस आला. एकेचाळीस." मग थोड्या वेळाने, "थांबला. एकोणीस."

चित्रात त्या रांगेमागे दुसरा ढग नव्हता. "आता उचला," मी म्हटलं.

नंतरची पंचवीस मिनिटं जोसेफीन फक्त आकडे वाचत होती. अठरा. वीस. एकवीस. अठरा. मग ती गप्प झाली. मी विचारलं, "काय झालं?"

"ठेवला," ती म्हणाली. "बसला नीट."

तिने व्हिडिओ चालू केला. पांढरा कंटेनर ओट्यावर, आजूबाजूला निम्मं गाव, लोक टाळ्या वाजवताहेत, कोणीतरी ढोलक आणलं होतं. खुर्चीत बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसाकडे तिने फोन नेला. अर्नेस्ट.

"वाऱ्याचं सांगणाऱ्या बाई तुम्हीच का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आमच्याकडे या. बोटीने येऊ नका मात्र."

मी हसले आणि डोळेही पुसले. कार्ल्सरूहेहून फोग्ट "गेनाऊ, गेनाऊ" म्हणजे बरोबर, बरोबर, असं म्हणत होते, कशाला ते त्यांनाही माहीत नसावं. मागे फ्राउ लिंडनर उभ्या होत्या. त्या कधी आल्या ते कळलंच नाही. म्हणाल्या, "काफे?" आणि स्वतः जाऊन माझ्यासाठी कॉफी घेऊन आल्या. आमच्या ऑफिसात हे याआधी कधी घडलेलं नाही.

दीड महिन्याने सेंटर सुरू झालं. पहिल्या दिवशीचा फोटो जोसेफीनने पाठवला. अर्नेस्ट बेडवर, हाताला नळ्या, आणि चक्क झोपलेले.

ऑफिसात माझ्या कौतुकाचं भाषण वगैरे कोणी केलं नाही. पण क्लायंटने भरायच्या आमच्या फॉर्ममध्ये त्यानंतर एक नवा रकाना आला: "जागेवर वारा मोजू शकेल अशा व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर." बहुतेक लोक तो रिकामा ठेवतात. अशांना मी अंदाज देण्याआधी फोन करते.